आठला निघालो, साडेबाराला पोचलो

माझा साडू विमानात बसून आला ही बातमी सासरच्या पोस्टकार्डानं कळली, त्या दिवशी मी सातवीच्या वर्गाकडून विनाकारण दोनदा नकाशा भरून घेतला. मी तेव्हा समुद्रपूरला भूगोल शिकवायचो. पाऊणशे किलोमीटरवरच्या आंजीला, माझ्या सासरी, जगात कुठं काय आहे हे मलाच विचारायची रीत होती. मोठा जावई ना! आणि आता हा धाकटा मुंबईहून थेट लंडनला, हिवाळ्यात, कंपनीच्या कामानं जाऊन आला होता.

पुढं अधिक महिना आला. त्यात जावयाला बोलावून अनारशांचं वाण द्यायचं, म्हणून दोघांनाही आमंत्रण. बायको आधीच माहेरी गेलेली. मी सकाळी आठला एसटीत बसलो. हिंगणघाटला बस बदल, वर्ध्याला बदल, असं करत साडेबाराला पोचलो. बघतो तर सासऱ्यांनी साडूचा पाट आपल्या पाटाला खेटून मांडलेला. माझा दाराकडे.

"सात हजार किलोमीटर, जवाईबापू!" सासरे मला म्हणाले, जणू अंतर त्यांनीच मोजलं होतं. "सकायी आठले मुंबई सोडली अन् साडेबाराले लंडनात!"

आठ ते साडेबारा. म्हणजे माझ्याइतकाच वेळ! मग एकदम सुचलं.

"शक्यच नाई, बाबा. साडेचार तासांत सात हजार? एवढं कुठं पळते ह्याइचं विमान?"

साडूनं माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. "भाऊजी म्हन्ते ते बरोबर असन. मले झोपच लय लागली होती."

सासरे हिरमुसले. मला अनारसे गोड लागायला लागले. पाचव्या अनारशाला आठवलं, लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं! विमानाला चांगले दहा तास लागले होते. हेच मी दरवर्षी पृथ्वीचा गोल फिरवून आठवीला शिकवतो, आणि ज्याला येत नाही त्याला बाकावर उभा करतो.

मी सहावा अनारसा घेतला. दुसऱ्या सकाळी सासरे विहिरीवर एकटे दिसले तेव्हा म्हणालो, "बाबा, काल माझं चुकलं."

"मले ठाऊक हाये," ते म्हणाले. "छोट्या जवायानं कालच सांगतलं, हात धुताना. म्हने, भाऊजीले बोलू नका, मास्तर मानूस, त्याइले वाईट वाटन."

लंडन मी सोसलं असतं. विमानही. पण वर त्यानं चांगलंही असायची काय गरज होती?

परतीच्या एसटीत वर्ध्यापासून मी त्याचा एखादा दोष शोधत होतो. हिंगणघाट आलं तेव्हा बायकोला म्हणालो, "तो जेवते मात्र फार हळू."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमीच पहा, किती भराभर जेवता ते."