चार सेकंद चालणारा कॉम्प्युटर

"मॅडम, सेल्फ मारतो, पण धरत नाई," प्रल्हादकाका म्हणाले.

सेल्फ म्हणजे गाडीचा स्टार्टर, आणि धरत नाई म्हणजे इंजिन चालू राहत नाही. समोर टेबलावर होता तो कॉम्प्युटर. पण काका बसडेपोतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, त्यांच्या लेखी सगळी यंत्रं एकाच घराण्यातली.

माझं चिखलीला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सकाळी फोन आला म्हणून मी स्कूटी घेऊन अमडापूरला आले होते. काकांनी दारातच माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"मेकॅनिक मागून येऊन राह्यला का?"

"मीच मेकॅनिक."

त्यांनी माझी टूलकिट उघडायला लावली, एक स्क्रूड्रायव्हर काढून त्याचं टोक अंगठ्यावर फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हाव. या आत."

हा कॉम्प्युटर त्यांनी स्वतः तयार केला होता. अकोल्याहून सुटे पार्ट आणले, मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि तीन दिवस खपून जोडला. गल्लीत सगळ्यांना सांगूनही टाकलं. आज सकाळी पूजा झाली, स्विच दाबला, पंखे फिरले आणि मशीन बंद पडलं. परत लावलं, परत बंद.

"दुरुस्त होईलच," मी म्हणाले. "घाई नाही ना?"

"तीन वाजता माहा इंटरव्ह्यू आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण खरंच होतं. एका ट्रेनिंग सेंटरला डिझेल इंजिन शिकवणारा माणूस हवा होता. काकांनी अर्ज केला. इंटरव्ह्यू व्हिडिओवर, आणि त्यात स्क्रीनवर चित्रं दाखवून दहा मिनिटं शिकवून दाखवायचं. ते मोबाईलवर जमणार नव्हतं. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

घड्याळात साडेअकरा झाले होते.

"रिटायर झाल्यावर माणूस घरी बसते," आतून मंदाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. "याईले चैन पडत नाई. मी म्हटलं, जाऊ द्या, मिळो बाप्पा नोकरी. घरातल्या मशिनी तरी वाचतीन. मिक्सर चार वेळा खोलला याईनं."

मी मागचा स्विच ऑन केला. समोरच्या बटणाला मी हातही लावला नव्हता, तरी पंखे फिरायला लागले. एक, दोन, तीन, चार. बंद.

इथेच मी चुकले, ते आत्ताच सांगून टाकते. बटण न दाबता मशीन आपणहून चालू झालं, ही सगळ्यात मोठी खूण होती. पण काही मशीनना वीज आली की आपणहून चालू व्हायची सवय असते. मी मनात म्हटलं, असेल तसं, आणि पुढे गेले.

कॅबिनेटचं साइडचं झाकण उघडलं. मी वाकून आत पाहिलं. वायरिंग माझ्यापेक्षा स्वच्छ. प्रत्येक वायरला रंगाचा ठिपका आणि नंबर. पंख्याला ग्रीस.

"ग्रीस कशाला, काका?"

"नवीन बेअरिंग होतं. कोरडं चालवाव का?"

मी ग्रीस पुसलं. मग नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. आधी रॅम. ही एक पट्टी असते, मशीनची कामापुरती आठवण. ती नीट बसली नसेल तर मशीन पुढे जात नाही. काढली, पुसली, परत दाबून बसवली. चार सेकंद. बंद.

मग एसएमपीएस. घरातली वीज मशीनला झेपेल इतकी करून देणारा हा डबा. मी दुकानातून एक चालू डबा बरोबर आणला होता, तो लावून पाहिला. चार सेकंद. बंद.

तोवर शेजारचे नामदेवराव खुर्ची घेऊन आले. हे निवृत्त कंपाउंडर. त्यांनी कॅबिनेटच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ डोळे मिटले आणि जाहीर केलं, "ताप नाई."

"नामदेवराव, दूर व्हा," काका म्हणाले.

"मी काय इंजेक्शन देऊन राह्यलो का?"

साडेबारा झाले. आता शेवटचा उपाय. मी सगळं बाहेर काढलं. मदरबोर्ड, म्हणजे ज्या मोठ्या पाटीवर सगळे पार्ट बसतात ती, तिच्याच रिकाम्या खोक्यावर ठेवली. कॅबिनेट बाजूला. अशा वेळी चालू करायला बटण नसतं. पाटीवर दोन बारीक पिना असतात, एरवी बटणाची वायर तिथे बसते. त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की बटण दाबल्यासारखंच होतं.

टेकवलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पडद्यावर अक्षरं आली.

"धरलं!" काका ओरडले. काकूंनी हात जोडले. नामदेवरावांनी कुणी न विचारता सांगितलं की त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मी सगळं पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवलं. स्विच ऑन. चार सेकंद. बंद.

"काका, वाईट वाटून घेऊ नका, पण पाटी कुठेतरी कॅबिनेटच्या पत्र्याला टेकून वीज त्यात उतरत असेल. बॉडी शॉर्ट."

काकांचा चेहरा उतरला नाही, चढला. "माह्या हातचं बॉडी शॉर्ट? बत्तीस वर्षांत एका गाडीची वायर बॉडीले लागली नाई!"

मी परत सगळं काढलं. एकेक स्क्रू तपासला. पाटी कुठेही टेकत नव्हती. त्यांनी तर मोजून बसवली होती. परत लावलं. चार सेकंद.

दीड वाजला. माझ्या कपाळावरून घाम गळत होता आणि काकू पदराने वारा घालत होत्या, मला नाही, कॉम्प्युटरला.

"असं करू," मी शेवटी म्हणाले. "मशीन परत बाहेर काढून खोक्यावरच चालू ठेवू. इंटरव्ह्यूपुरतं चालेल. त्यांना काय दिसतंय?"

काका खुर्चीवर बसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "मॅडम, मी तिथं पोरायले सांगणार की फॉल्ट सापडल्याबिगर गाडी डेपोच्या बाहेर काढू नका. अन् माह्या बुडाखाली फॉल्ट तसाच ठेवून सांगू? नाई जमत मले."

ते उठले आणि मशीनभोवती एक फेरी मारली.

"मले एक सांगा. बाहेर चालते. आत नाई चालत. दोन्हीत काय काय बदललं?"

"कॅबिनेट."

"ते झालंच. अजून? बाहेर चालू कशानं केलं?"

"स्क्रूड्रायव्हरने."

"अन् आत?"

आत मी ते कशानेच चालू केलं नव्हतं. ते आपणहून चालू होत होतं.

मी आत हात घालून बटणाची वायर पिनांवरून उपसली आणि तिथेच स्क्रूड्रायव्हर टेकवला. मशीन चालू. दहा सेकंद. वीस सेकंद. ठणठणीत. वायर परत लावली. चार सेकंदांत बंद.

कॉम्प्युटरचं बटण चार-पाच सेकंद सलग दाबून धरलं की चालू मशीन बंद पडतं. अडकलेलं मशीन बंद करायची ती सोय असते. म्हणजे इथे सकाळपासून कुणीतरी बटण दाबून धरलं होतं. मी समोर जाऊन बटण दाबून पाहिलं. टक असा आवाज यायला हवा, तो आला नाही. बटण आतच रुतून बसलं होतं. त्याच्या फटीतून एक मुंगी बाहेर आली, माझ्याकडे पाहिल्यासारखं करून परत आत गेली.

मी समोरचं झाकण ओढून काढलं. बटणाच्या चारी बाजूंना पिवळट, चिकट, घट्ट बसलेलं काहीतरी. मी वास घेतला. वेलचीचा.

"काका, हा पेढा आहे."

मग सगळ्यांनी एकदमच काकूंकडे पाहिलं.

"म्या म्हटलं, पहिला घास त्याले द्यावा," काकू अगदी हळू म्हणाल्या. "दोन दिवे वर, गोल खाली. मले वाटलं, हेच तोंड आहे."

"अन् दाबला?"

"घेत नव्हता ना. म्हून अंगठ्यानं दाबला."

काकांनी कपाळावर हात मारला. "अवं, डिझेलच्या टाकीत साखर टाकणारे पाह्यले मी. पण पेढा चारणारी पाह्यली नाई!"

"नोकरी तुमाले मिळाव म्हूनच चारला ना," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग काकाच गडबडले. "बरं, बरं. रडू नको. जरा कमी दाबाचा होता पाह्य." नामदेवराव तोंडावर रुमाल धरून अंगणात गेले. तिथून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत राहिला.

मी टूथपिकने पेढा कोरून काढला, बटण पुसलं, दाबलं. टक. सव्वादोन झाले होते. नव्या मशीनमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम नसते, म्हणजे पार्ट चालतात पण काम कसं करायचं ते मशीनला माहीत नसतं. ती पेनड्राइव्हवरून टाकली. अर्धा तास त्यात गेला, आणि त्या अर्ध्या तासात काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, काढला, दुसरा घातला. मोबाईलचं नेट वायरने जोडलं, कॅमेरा लावला. तीनला तीन मिनिटं बाकी असताना पडद्यावर काकांचा चेहरा दिसला. काकू भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, श्वासही बेतानेच घेत.

पलीकडे तिघे साहेब होते. काकांनी दहा मिनिटं डिझेल पंप असा शिकवला की नामदेवरावसुद्धा दारात उभे राहून मान हलवत होते. शेवटी एका साहेबाने विचारलं, "समजा नवी गाडी आहे, सगळे पार्ट चांगले आहेत, तरी चालू राहत नाही. तुम्ही पहिलं काय कराल?"

काकांनी एक क्षण भिंतीकडे पाहिलं.

"सर, पहिलं बटण दाबून पाहीन. मग घरच्यायले विचारीन."

पलीकडे तिघेही हसले. त्यांना वाटलं, काका गंमत करताहेत. काका गंमत करत नव्हते.

नोकरी मिळाली. आठवड्यातून तीन दिवस. काकूंचं म्हणणं, पेढ्यानेच मिळाली. काका यावर वाद घालत नाहीत.

मी मात्र तेव्हापासून मशीन उघडण्याआधी बटणाचा आवाज ऐकते, आणि ज्याने जोडलं त्याच्यासोबत घरातल्या बाकीच्यांनाही विचारते. बाकी वाचणाऱ्यांना एवढंच सांगेन. नव्या कॉम्प्युटरला पेढा जरूर दाखवा, पण वाटीत ठेवून दाखवा. मशीन खात नाही. दुरुस्तीला येणारी बाई खाते.