हलवलं की सांगायचं

ते कधी बसत नसत. आयर्लंडात, ल्यूकनला आमच्या समोरच्याच घरात राहायचे, आठवड्यातून दोनदा चहाला यायचे. पण चहा उभ्यानेच, खिडकीशी, गाडीची किल्ली बोटात फिरवत. "दादा, बसा की," म्हटलं तर म्हणायचे, "बसलोच आहे समजा."

तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल, ज्याच्या घरात शिरलं की आधी न उघडलेली खोकी दिसतात. यांच्याकडे सहा होती. मी मोजली होती. बायको दूर स्लायगोच्या हॉस्पिटलात डॉक्टर, हे इकडे चेरीवूडला नोकरीला. शुक्रवारी संध्याकाळी तिकडे, रविवारी परत. त्याआधी अमेरिकेत पाच गावं झालेली.

"निघताना मी कुणाला सांगत नाही," एकदा म्हणाले. "सांगितलं की लोक जेवायला बोलावतात. जेवलं की पाय निघत नाही."

मीही अमेरिकेतून आलेली. पासपोर्ट तिकडचा, म्हणून टॅक्स रिटर्न दरवर्षी तिकडेही भरावं लागतं. इकडे आले त्या वर्षी जुन्या कंपनीतलं निवृत्तीचं खातं मी तिकडच्याच दुसऱ्या कंपनीत हलवलं आणि माझ्या कामांच्या यादीतली ती ओळ खोडली. झालेलं काम खोडायचं, हा माझा नियम. पैसे माझ्या हाती आलेच नव्हते, त्यावर कर नव्हता. मग रिटर्नमध्येही त्याचा उल्लेख केला नाही.

दीड वर्षाने पत्र आलं. तिकडच्या कर खात्याने ती सगळी रक्कम माझी कमाई धरली होती. कर आणि वर दंड. अकरा वर्षांच्या नोकरीची शिल्लक, त्यातला मोठा हिस्सा गेला असता. उत्तराची मुदत पत्र पोचेपर्यंत निम्मी संपलेली.

दादांनी पत्र ओट्यापासून दारापर्यंत चालत वाचलं, मग दारापासून ओट्यापर्यंत.

"रिटर्नमध्ये दाखवलं होतं?"

"कर नव्हता ना त्यावर."

"नसेना. ताई, हलवलं की सांगायचं. जुन्या कंपनीने त्यांना कळवलं, एवढे पैसे निघाले. तुम्ही गप्प. त्यांनी काय समजायचं? खाल्ले."

"झालं ते काम म्हणून खोडलं मी."

"तुमच्या त्या यादीला आवरा कुणीतरी."

मग त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि चक्क बसले. शुक्रवार होता. बायकोला फोन लावला. "अगं, उशीर होईल. ताईंकडे बसलोय."

पलीकडून आवाज मलाही ऐकू आला. "कोण, तू?"

जुन्या कंपनीचा कागद, पैसे थेट गेल्याचा. नव्या कंपनीचा, जमा झाल्याचा. मग दुरुस्त रिटर्न. एका रकान्यात पूर्ण रक्कम, शेजारच्या करपात्र रकान्यात शून्य, बाजूला 'रोलओव्हर', म्हणजे खातं नुसतं हलवलं, हा शब्द. मी शून्याची जागा कोरी ठेवून पुढे जात होते, तर त्यांनी माझा हात थांबवला. "कोरं म्हणजे गप्प. शून्य लिहा."

टेक्सास सोडताना त्यांनीही असंच खातं हलवलं होतं, हे तेव्हा कळलं. "एक चेक मात्र तिकडच्या जुन्या पत्त्यावर जाऊन बुडाला माझा. झोप तेवढी नाही बुडाली," म्हणाले, आणि लगेच, "नाही, तीही बुडाली."

पाकीट पाठवलं. तीन महिने मी रोज पत्रपेटी उघडत होते. ते समोरून ओरडून विचारायचे, "आलं?" मी नाही म्हणून मान हलवायची.

मग आम्ही तीन आठवडे पुण्याला जाऊन आलो, तर पत्रपेटीत पत्र पडलेलं. काही देणं नाही, प्रकरण बंद. बॅगा तशाच ठेवल्या, त्यांच्यासाठी आणलेला चिवडा घेतला आणि चपलांवर समोर धावले.

दार एका आयरिश बाईने उघडलं. आठवडा झाला होता तिला येऊन. आधीच्या भाडेकरूंचं तिला काही ठाऊक नव्हतं. तिच्यामागे तिची खोकी होती, उघडलेली.

दारातच उभ्याने मेसेज केला. "शून्य आलं, दादा. पण हलवलं की सांगायचं ना?"

उत्तर लगेच आलं, सुरुवातीला 'छान'साठीचा इकडचा शब्द. "ग्रँड. सांगितलं असतं तर तुम्ही जेवायला बोलावलं असतंत."

कुठे गेलात, हे विचारलं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे. यादीत 'दादांचा पत्ता' ही ओळ मी दर आठवड्याला नव्या पानावर उतरवते. पुढची जागा कोरी आहे.