ताईंचा लॅपटॉप आणि माझा टॅब

"तुम्हीच वाचा, मी ऐकते."

कागद छापून झाला की ताई तो पक्षकाराच्या हातात द्यायच्या आणि एवढंच म्हणायच्या. मग खुर्ची थोडी मागं सरकवून, हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून बसायच्या. समोरचा माणूस ओळीखाली बोट धरून स्वतःचंच शपथपत्र अडखळत वाचू लागायचा. ज्याला वाचता येत नसे त्याच्यासाठी मला उठावं लागे. "वकीलसाहेब, या बाबांना तुम्ही वाचून दाखवा," असा हुकूम सुटायचा आणि मी हातातलं काम टाकून वाचायला बसायचो. ऑफिस माझं आहे, हे अशा वेळी कुणाच्या लक्षात राहत नसे.

शहागंजात एका कापडाच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. तिथं ताईंनी एकोणीस वर्षं टायपिंग केलं. वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या, एकट्या राहणाऱ्या, कधी कुणाकडून चहासुद्धा मागवून न घेणाऱ्या. हात टाइपरायटरवर तयार झालेला, त्यामुळं लॅपटॉपवरही मराठी टाइप करताना त्या कळांकडं कधी पाहत नसत. मी तोंडानं सांगायचो, त्या खिडकीकडं तोंड करून टाइप करायच्या. माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी त्यांचं झालेलं असायचं. वाक्य लांबलं तर त्या थांबून म्हणायच्या, "साहेब, श्वास घ्या." चांगल्या वकिलांना ज्युनिअर असतात. मला ताई होत्या.

वाचून घेतानाची त्यांची एक पद्धत होती. पक्षकारानं एखादा शब्द अडखळून वाचला किंवा "असं नाय झालं" म्हटलं, की त्या विचारायच्या, "वरून कितवी ओळ?" तो मोजून सांगायचा, सातवी. ताई बाणाची कळ तेवढ्या वेळा दाबायच्या, शब्द बदलायच्या आणि पुन्हा छापायच्या. माणसं या प्रकारावर खूश असत. वकिलाकडून आलेला माणूस आपल्या कागदात काय लिहिलंय ते घरी सांगू शकतो, ही गोष्ट आमच्याकडं रोज घडणारी नाही. बाकीचे वकील मला विचारत की ही शिस्त तुम्ही कशी लावली. मी नुसता हसायचो, म्हणजे श्रेय घ्यायचो.

गेल्या काही वर्षांत त्यांच्या स्क्रीनवरची अक्षरं मोठी होत गेली होती. "ताई, चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून वाचता येतंय सगळं," मी एकदा चिडवलं. "वय झालं," त्या म्हणाल्या. आम्ही दोघंही हसलो. तुम्ही म्हणाल, तेव्हाच कळायला हवं होतं. खरं आहे. आठ फुटांवर बसत होतो मी.

मला नव्या वस्तूंचा सोस आहे. महागडा टॅब लॅपटॉपची जागा घेऊ शकतो का, या एका प्रश्नावर मी महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. कुणी म्हणे घेतो, कुणी म्हणे काम कसलं आहे त्यावर ठरेल. मी वकील माणूस. दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या आणि जे आधीच ठरवलं होतं तोच निकाल दिला. टॅब आला. हलका, देखणा, पेनानं सही घेता येणारा. त्याच्यापुढं ताईंचा लॅपटॉप म्हणजे घरघरणारा डबा होता. कळांवरची अक्षरं पार पुसून गेलेली, फक्त मधल्या दोन कळांवरचे बारीक उंचवटे तेवढे शिल्लक होते.

"टॅब तुम्ही कोर्टात न्या," ताई म्हणाल्या. "मला हा पुरतो."

"अहो, तुमच्यासाठीच घेतलाय. किती दिवस हे ओझं ओढणार?"

"मला नाही त्याचं ओझं."

नव्याची भीती असते माणसाला, असं मी मनात म्हटलं. टॅबचा कीबोर्ड वेगळा मागवला होता, तो यायला आठवडा होता. तोवर काचेवर टाइप करून सवय होईल म्हणून मी लॅपटॉप कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. हे सगळं मी प्रेमानं केलं. ते सांगायची आता लाज वाटते, पण खरं तेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवगाव रंगारीचा एक शेतकरी आला. भावाभावांत सामाईक विहिरीवरून वाद होता, दुपारी दोनला तारीख होती आणि त्याआधी शपथपत्र दाखल करायचं होतं. मी सांगू लागलो. ताईंनी दोन्ही हात काचेवर ठेवले. पहिली ओळ उमटली ती निव्वळ कचरा होती. त्यांनी ती पुसली, पुन्हा लिहिली, पुन्हा तसंच. मी म्हटलं, "ताई, सावकाश. कळा दिसतायत ना खाली?" त्यांनी टॅबच्या कडेवरून बोट फिरवलं, मग काचेवरून, मग पुन्हा कडेवरून. बोटांना काहीच लागत नव्हतं. मला वाटलं त्या मुद्दाम अडून बसल्यात, आणि माझा आवाज चढला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच चढला असेल.

तो शेतकरी खुर्चीवरून उठला आणि त्यांच्याजवळ गेला.

"ताई, माझी माय बी असंच चाचपायची," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमाला दिसंना का?"

"थोडं कमी दिसतं, भाऊ."

"लई दिवस झाले का?"

"तीन वर्षं होतील." त्यांनी हात मांडीवर घेतले. "मधलं थोडं दिसतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही."

तीन वर्षं दुसऱ्याला वाचायला लावून त्या स्वतः कानानं तपासत होत्या, आणि मी त्याला शिस्त म्हणत होतो. मी उठलो, कपाट उघडलं, लॅपटॉप आणून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांची बोटं त्या दोन उंचवट्यांवर गेली आणि वीस मिनिटांत शपथपत्र तयार झालं. शेतकऱ्यानं ते शेवटपर्यंत वाचलं. एक ओळ बदलावी लागली, तीही माझ्या सांगण्यात चुकलेली. आम्ही दोनच्या आत पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

रविवारी मी एकटाच ऑफिसात गेलो आणि तीन वर्षांच्या ऑफिस कॉप्यांचे गठ्ठे खाली काढले. कुणाच्या जमिनीच्या चतुःसीमेत पूर्वेचं पश्चिम झालं असेल, कुणाचा गट नंबर उलटा पडला असेल, तर ते निस्तरणं माझं काम होतं. असं मी स्वतःला समजावलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकेक कागद पाहताना मला सारखं वाटत होतं, की आत्ता ताई दार उघडून आत येऊ नयेत.

सोमवारी त्या आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली.

"हे काय?" मी म्हटलं. "लॅपटॉप तुमचा आहे, जागा तुमची आहे. टॅब मी देऊन टाकतो कुणाला तरी."

"टॅबचा काय दोष?"

"मग राहा की."

"साहेब, आता तुम्हाला माहीत झालंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता माझ्या हातचा प्रत्येक कागद तुम्ही दोनदा बघणार. मागचेही काढून बघाल. तुम्ही बघायलाच पाहिजे, माणसांच्या जमिनी आहेत त्यात. पण तुम्ही बघताय हे कळत असताना मला इथं बसता यायचं नाही."

"मी नाही बघणार," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग भिंतीला हात न लावता त्या जिना उतरून गेल्या. किती पायऱ्या आहेत ते त्यांना पाठ असणार. गठ्ठे अजून माझ्या मागं जमिनीवरच पडले होते. ते त्यांना दिसले नसावेत.

कीबोर्ड नंतर आला. आता एक मुलगी टॅबवर टायपिंग करते आणि काम चांगलं चाललंय. टॅब लॅपटॉपची जागा घेतो का, असं कुणी विचारलं तर घेतो, असंच मी सांगतो.

ताई पाचोडला भावाकडं राहायला गेल्या. बीडकडं काम निघालं की मी वाटेत थांबायचो. भावजय चहा करायची, ताई कोर्टातल्या गोष्टी विचारायच्या. देवगावच्या त्या विहिरीचं काय झालं, हे त्या दर वेळी विचारत. तिसऱ्या की चौथ्या खेपेला, भावजय आत गेल्यावर त्या म्हणाल्या,

"साहेब, एक विचारू? त्या तीन वर्षांतल्या माझ्या कागदांत काही चुकलेलं निघालं का हो?"

"मी ते काढलेच नाहीत, ताई," मी पटकन म्हणालो. "कशाला काढू? तुमच्यावर विश्वास आहे माझा."

त्यांनी हातातला कप चाचपत खाली ठेवला.

"काढायला हवे होते," म्हणाल्या. "मला कळलं तरी असतं."

खरं ओठांवर आलं होतं. पण नुकतंच तोंडातून गेलेलं खोटं, त्याच बैठकीत, त्यांच्यासमोर मागं घ्यायचं माझं धाडस झालं नाही. पुढच्या खेपेला सांगू, असं ठरवून मी चहा संपवला आणि निघालो. ती खेप झाली नाही. पोळ्याच्या चार दिवस आधी त्यांच्या भावाचा फोन आला, आणि मी गेलो तेव्हा घरात माणसं जमलेली होती.

तीन वर्षांच्या त्या सगळ्या कागदांत ताईंची एकही चूक नव्हती. हे ज्याला सांगायला हवं होतं असं माणूस एकच होतं, आणि आता मी ते तुम्हाला सांगतो आहे.