साडेसतरा इंचांची खुर्ची

बॉबीन हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंगानं एवढीशी, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मशिनीतल्या रिळासारखी गरगर फिरणारी, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं ते नाव. पस्तीस वर्षं ती लोकांचे कपडे शिवत होती. दुकान म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक लांबट खोली. दोन मशिनी, इस्त्रीचं टेबल, गिऱ्हाइकांना बसायला एक हातांची खुर्ची नि एक पाठीचं बाकडं आणि कोपऱ्यात पडदा लावलेला आरसा. त्या दुकानाला आजवर लागोपाठ दोन दिवस कुलूप लागलं नव्हतं. आणि आता दारावर पुठ्ठा लटकत होता: 'पुढच्या महिन्यात पंधरा दिवस दुकान बंद. मालकीण परदेशी.' शेवटचे दोन शब्द तिनं लाल खडूनं लिहिले होते. कुणी पुठ्ठा न वाचता आत शिरलं तर ती विचारायची, "बाहेर काय लिहिलंय ते बघितलंत का?" आणि ते माणूस परत बाहेर जाऊन वाचून येईपर्यंत टेपला हात लावायची नाही.

परदेशी जायचं ठरलं होतं सव्वीस वर्षांपूर्वी. तेव्हा तिघीजणी एकाच जिन्यावर राहायच्या. खाली बॉबीन, तिच्या वर भूगोल शिकवणाऱ्या बाई, आणि त्यांच्याही वर बसची कंडक्टरीण. जिन्यात कुणीतरी टांगलेलं जुनं कॅलेंडर होतं. त्यावर बर्फाचा डोंगर, खाली निळं तळं, आणि दोरावरून डोंगर चढणारी एक लाल डबी. "ह्या डबीत बसायचं आपण," कंडक्टरीण म्हणाली. "तिघी. नाहीतर कुणीच नाही." हातावर हात मारून ठरलं. मग एकीला दिवस गेले, एकीच्या नवऱ्याचा पाय मोडला, एकीकडे पेपरांचे गठ्ठे तपासायला आले. पुढल्या वर्षी तीच कारणं, फक्त बायका बदलून. असं करता करता मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, कॅलेंडर कुणी काढलं ते कळलंही नाही.

आता मात्र तिघींचे पासपोर्ट आले होते. तिन्ही फोटोंत तिघी अशा दिसत होत्या की कुठल्याही शिपायानं हटकून थांबवावं.

सगळी आखणी भूगोलाच्या बाईंच्या हातात. त्यांना दोघी नकाशा म्हणायच्या. तीस वर्षं ह्या बाईनं छडीच्या टोकानं पोरांना जगभर फिरवलं, आणि स्वतः देशाची वेस ओलांडली नाही. त्यामुळे आता सगळा बॅकलॉग एकदम भरून काढायचा चालला होता. तिच्या फायलीत रोजचं वेळापत्रक होतं. 'सात दहा: उठणे. सात पंचवीस: बर्फ पाहणे. सात चाळीस: चहा.'

"पंधराच मिनिटं बर्फ?" बॉबीन म्हणाली. "सव्वीस वर्षं थांबलेय मी."

"दुपारी परत आहे. तीन वाजता. पान उलट."

बॉबीनचं तर घरात पाऊल ठरत नव्हतं. चाकांची बॅग घेऊन ती गल्लीत इकडून तिकडे चालायची. सून खिडकीतून ओरडायची, "आई, बॅग रिकामी आहे अजून!"

"माहितेय गं. सराव करतेय."

तिनं निळं, जाड, लोकरीचं कापड आणून ठेवलं होतं. तिघींना तीन एकसारखे कोट. हरवलो तर निदान लांबून ओळखू येऊ, हा विचार. पहिले दोन कोट कापून झाले. राहिला तिसरा, कंडक्टरणीचा.

हिला सगळे डबलबेल म्हणत. बस हलवायला घंटीची दोरी दोनदा ओढावी लागते, पण हिला ती लागायचीच नाही म्हणे, आवाजच पुरायचा. "सरका पुढे! पुढे मैदान मोकळं आहे!" म्हणत गच्च भरलेल्या बसमधून ती सुईसारखी पार व्हायची, आणि म्हाताऱ्याकोताऱ्याला कुठूनतरी जागा काढून द्यायचीच. नोकरी संपली, गुडघा धरला, चालणं कमी झालं, आणि ती चांगली भरली. पण आवाज तोच.

रविवारी दुपारी माप द्यायला बोलावलं, तर डबलबेल दारातच उभी.

"माझं माप वहीत आहे ना तुझ्या? तेच घे."

"अगं, ते अकरा वर्षांपूर्वीचं आहे."

"मग? मी काय बदलले?"

नकाशानं घाईघाईनं फायलीत डोकं घातलं. बॉबीन टेप घेऊन नुसती उभी. मग डबलबेल एकदम म्हणाली, "आणि खरं सांगू का, मी येतच नाहीये. गुडघा दुखतो."

"डॉक्टर तर म्हणाले चाला म्हणून!"

"मग मांजराला कोण बघेल?"

"मांजर? ते शेजारणीचं आहे!"

"दिवसभर माझ्याकडेच असतं. तुम्ही दोघी जा. मला कार्ड पाठवा." आणि गेली की हो. ज्या बाईचा आवाज चौकापर्यंत जायचा, ती चपलेचाही आवाज न करता गेली.

शुक्रवारी तिकिटांसाठी तिघींची नावं द्यायची होती. नकाशा तावातावानं म्हणाली, "तिघी नाहीतर कुणीच नाही, हे कुणाचं वाक्य? तिचंच ना?" आणि फाईल बंद केली. तिनं फाईल बंद केलेली बॉबीननं पहिल्यांदाच बघितली. आपला पंधरा दिवसांचा लाल अक्षरातला परदेश तिथेच विरघळला, असं तिला वाटलं.

पण बॉबीन काही काल शिवायला बसली नव्हती. मापाच्या बाबतीत बायका काय काय सांगतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? झगा पाण्यात आटला. बटणंच चुकीची लागली. बहिणीसाठी शिवायचाय, पण ती माझ्याच अंगाची आहे. ती सगळ्यांना मान डोलवायची. आकडा तोंडानं कधी उच्चारायचा नाही, वहीत लिहायचा आणि वही मिटायची, हा तिचा नियम. कुणाची कंबर वाढली तरी ती इतकंच म्हणायची, "जरा आराम ठेवते हं अंगात, दोन बोटं सैल." म्हणून तर लांबलांबच्या बायका तिच्याकडे यायच्या.

तर आता ती आठवू लागली. डबलबेल हल्ली दुकानात आली की हातांच्या खुर्चीत बसत नाही, बाकड्याच्या टोकाला टेकते. कधीपासून?

"नकाशे, तिच्या भाचीच्या लग्नात काही झालं होतं का गं? मी नव्हते आले."

"खुर्ची अडकली होती. ही उठली, तर खुर्चीही बरोबर उठली. सगळा हॉल हसला."

"आणि तू?"

"मीही हसले," नकाशा म्हणाली. चष्मा काढून पुसत बसली, तो पुसायची काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी बॉबीन गळ्यात टेप तशीच ठेवून प्रवास कंपनीच्या कार्यालयात गेली. टाय लावलेल्या साहेबाला विचारलं, "विमानातली खुर्ची किती रुंद असते?"

"पुरेशी असते, मावशी."

"पुरेशी म्हणजे किती इंच? अंदाजानं मी रुमालसुद्धा कापत नाही."

साहेबानं दोन ठिकाणी फोन लावला. साडेसतरा. तीन खुर्च्या शेजारी शेजारी. मधले हात वर उचलता येतात, फक्त उडताना आणि उतरताना खाली ठेवायचे. आणि कमरेचा पट्टा कमी पडला तर त्याला जोड मिळतो. "फक्त सांगायचं, की देतात. रोज कुणीतरी मागतंच."

"रोज?"

"रोज."

बॉबीन जवळजवळ पळतच दुकानात आली. टेबलावर खडूनं साडेसतराचे तीन चौकोन आखले आणि कापडाचे तुकडे मांडावेत तसे त्यांत तिघींना मांडून बघितलं. एकीचा तुकडा रुंद, दोघींचे अरुंद. अपुऱ्या कापडात तीन कपडे बसवायचे म्हणजे हेच करायचं असतं, रुंद मध्ये घ्यायचा आणि अरुंद दोन्ही अंगांना. माप न घेता, नुसत्या नजरेनं तिनं हिशोब केला. तिघी मिळून बसत होत्या. वर दोन बोटं उरत होती.

मग तिनं ताग्यांच्या आतल्या दोन लाकडी फळ्या काढल्या आणि बाकड्याला मोजून, फितीनं उभ्या बांधल्या. तीन खुर्च्या तयार. नकाशा आली, तिनं समोर जगाचा नकाशा टाचला. संध्याकाळी डबलबेलला निरोप गेला: विमान लागलंय, लगेच ये.

ती आली, बाकडं बघितलं, आणि तिला सगळं कळलं. चेहरा लालबुंद. "माझी चेष्टा मांडलीय?"

बॉबीननं दार लावून घेतलं. "पस्तीस वर्षांत कुणाचं माप माझ्या तोंडून बाहेर गेलंय? सांग बरं. एकीचं तरी?"

डबलबेलनं मान हलवली.

नकाशा खिडकीकडच्या चौकटीत बसली. "मी त्या दिवशी हसले ते चुकलंच माझं," ती समोरच्या नकाशाकडे बघत म्हणाली. "बस कोंबलेली असायची तेव्हा तू मला रोज जागा काढून द्यायचीस. दोन्ही हातांत वह्या असायच्या माझ्या. आणि मी हसले."

बॉबीन ह्या टोकाच्या चौकटीत बसली. दोन्ही बाजूंना एवढी जागा उरली की ती म्हणाली, "इथे एक भाडेकरू ठेवता येईल."

डबलबेलला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. बराच वेळ ती मधल्या चौकटीकडे बघत राहिली, भरलेल्या बसकडे बघावं तशी. मग वळली, श्वास घेतला, आणि बसली. घट्ट. फळ्या करकरल्या. पण बसली.

"उठू का?" ती हळूच म्हणाली. तिला हे असं हळू बोलताना दोघींनी कधी ऐकलंच नव्हतं.

"ऊठ."

ती उठली, आणि डावीकडची फळी फीत तोडून तिच्याबरोबर वर आली. अगदी त्या हॉलमधल्यासारखी. डबलबेलच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं.

"चुकलं तुझं," बॉबीन म्हणाली.

"माझं?"

"उठायच्या आधी हात वर करायचा. खुर्चीचा गं. तिथे तो उचलता येतो, मी विचारून आलेय. आणि विमानाची खुर्ची तुझ्याबरोबर कशी येईल? ती जमिनीला बोल्टांनी आवळलेली असते. ती उठली तर विमानच उठायचं!"

पहिल्यांदा नकाशा फिसकन हसली आणि घाबरून तोंडावर हात ठेवला. पण तोवर डबलबेल स्वतःच गदगदून हसत होती. बॉबीननं राहिलेली फळीही सोडली आणि दोन्ही बाजूला टाकल्या. "आता बस. उडेपर्यंत श्वास धर, मग हे हात वर. इकडे माझी अर्धी खुर्ची रिकामी आहे, तिकडे हिची पाव. ती सगळी तुझी. एकटी तू मावत नसशील, पण तिघी मिळून आपण मावतो. मी आखून बघितलंय."

डबलबेल मध्ये बसली. तिघींचे खांदे एकमेकींना टेकले. समोर टाचलेल्या नकाशात निळंशार पाणी पसरलेलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "दोन बोटं उरतायत गं इकडे."

"हो. तेवढा आराम ठेवलाय."

मग ती उठून आरशासमोर गेली, पडदा सरकवला आणि दोन्ही हात वर केले. "घे माप. आणि शिवण सोडायला जागा ठेव. तिकडचे पाव लोण्यात भिजलेले असतात म्हणे."

शुक्रवारी कार्यालयात तिघी निघायच्या दिवशी घालायचे बूट घालूनच गेल्या, सवय व्हावी म्हणून. टायवाल्या साहेबानं कागद पुढे ओढला. "काही खास सोय लागेल का?" त्यानं शहाण्यासारखा आवाज खाली आणला, बॉबीनकडे बघितलं. बॉबीननं नजर टेबलावर ठेवली. तिच्या तोंडून काय निघणार?

"पट्ट्याला जोड लागेल!" डबलबेलचा आवाज मागच्या रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. "लांबलचक द्या. लिहा. आणि एवढं हळू काय बोलता? बस काय फक्त बारक्यांसाठीच निघते?"

मागे एक जाडजूड गृहस्थ बसले होते. ते एकदम ताठ झाले. "अहो साहेब," ते म्हणाले, "माझ्या फॉर्मवरही तेवढं लिहून टाका."

साहेब लिहू लागला. "आता जागा. खिडकीत कोण?"

"मी," नकाशा म्हणाली. "खाली कुठला देश आला ते सांगायला कुणी नको का?"

"ढगांवर पाट्या लावलेल्या असतात वाटतं देशांच्या?" डबलबेल म्हणाली. "येताना खिडकी बॉबीनची. लिहून घ्या हो. मधली माझी, जाताना आणि येताना. ती कुणी मागायची नाही."