रुंद टीव्हीतली आई

दुबलगुंडीच्या ज्योत्स्नाअक्कांनी माझं जेवढं डोकं खाल्लं, तेवढं हुमनाबादेतल्या माझ्या स्टुडिओत दुसऱ्या कुठल्याच गिऱ्हाइकानं खाल्लं नाही.

अक्का अंगणवाडीत शिकवतात. लग्न केलं नाही. आईला सांभाळत गावातच राहिल्या. आई, सुभद्राबाई, डाळमिलमध्ये राबून वाळून गेलेली. ती वारली, आणि हलती-चालती उरली फक्त धाकट्या भीमराजच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. ते शूटिंग सत्त्याण्णव साली मीच केलेलं.

भीमराज पुण्याला कंपनीत असतो. दोन हजार अकरा साली त्यानं बहिणीच्या घरात मोठा रुंद टीव्ही आणून लावला. मी कॅसेटची सीडी करून दिली, आणि कटकट सुरू झाली.

"प्रेमानंद, आईचं तोंड दिसंना झालंय. नुसते चौकोनी ठिपके हायत."

ठिपके पुसले, तर चेहरा मेणासारखा गुळगुळीत झाला, सुरकुत्याच गेल्या. चित्राची धार वाढवली, तर डोळ्यांभोवती पांढऱ्या रेघा उठल्या. तेवढ्यात गावी येऊन सीडी बघून गेलेल्या भीमराजचा फोन आला. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या कामून? टीव्ही पूर्ण भरला पाहिजे. म्हणून मी चित्र मोठं करून वरून-खालून कापलं. वर बाबासाहेबांचा फोटो गेला आणि खाली सतरंजीवर बसलेली सुभद्राबाईही गेली.

अक्का सीडी घेऊन थेट दुकानात आल्या. "जिला बघायचं तिलाच कापलास व्हय?"

मी पार वैतागलो. कॅसेटमध्ये जे उतरलंच नाही, ते मी कुठून आणून देऊ?

भीमराज सुट्टीला आला तेव्हा एकदाचा विषय संपवावा म्हणून मी स्वतः दुबलगुंडीला गेलो आणि न कापलेली सीडी लावली. भीमराजनं रिमोटचं बटण दाबलं. चित्र आडवं ताणलं गेलं, पट्ट्या गेल्या, वऱ्हाडी सगळे जाडजूड झाले. सुभद्राबाईचे गाल भरले, दंड भरले.

"बघ अक्का," भीमराज खुशीत म्हणाला, "आई कशी चांगली भरलेली दिसायलीय."

अक्का संतापल्या. "शेवटी तिला घास उतरत नव्हता. न्हाऊ घालताना हाताला हाडं लागायची. तवा तू कुठं होतास? आता टीव्हीत जाड करायलास व्हय तिला?"

अक्कांनी रिमोट हिसकावला, पण बटण कुठलं ते त्यांना कळेना. मी दाखवलं. काळ्या पट्ट्या परत आल्या आणि आई पुन्हा वाळकी, अंधुक झाली. अक्का उठून टीव्हीला अगदी चिकटून बसल्या.

"मागं सरका, अक्का," मी म्हणालो. "जवळून तर काहीच दिसत नाही."

त्या सरकल्या नाहीत.