अळी झोपली होती, ओ कसा देऊ?

सकाळी ऐनाच्या झाडाखाली उभं राहून पाहा. वर कोशाची अळी रात्रभर पाला खाते अन् खाली लेंड्यांचा सडा पडतो. आमचे किस्से तसेच. कोणी जमवत नाही, पडतच राहतात! नवेगाव बांधाच्या जंगलात अळ्या राखण्यात जन्म गेला माझा. यंदा पोरगा विलास म्हणाला, "बाबा, म्हातारे झाले तुमी. जंगल सोडा, शहरात कुडव्याले माह्यापाशी राहा." म्हटलं, पहिले माझं ऐक. मग बोल.

*

आम्ही ढिवर. दारात तलाव, घरात जाळं. पण अळी झाडावर चढली की कोसे उतरवेपर्यंत मासोळी बंद. अंगाला वास आला तर अळ्या मरतात, असं आज्या-पणज्यापासून चालत आलेलं.

सोमा माझा जोडीदार. त्याचा साळा एकदा भरल्या हंगामात मरळ घेऊन आला. बायकोनं रस्सा केला. सोमा कोरडा भातच जेवला, पण बसला चुलीपाशी! दुसऱ्या दिवशी त्याच्या झाडावरच्या अळ्या काळ्या पडून लटकल्या. सगळे त्याच्यावर धावले.

"अरे, वास घेतला, खाल्ला नाई! नाकाले काय टाळं लावू?"

आम्ही तिथंच बसून निवाडा केला. नाकानं खाल्ला, तोही खाल्लाच! सोमाला लाल मुंग्यांच्या झाडाची राखण दिली. अजूनही त्या झाडाजवळून जाताना तो शिव्या देतो. मुंग्यांना नाही, साळ्याला.

*

एक कॅमेरेवाला आला होता शहरातून. मी गुलेलीनं पाखरं हाकलून राहिलो होतो.

"काका, कशाला हाकलता? निसर्ग आहे, खाऊ द्या त्यांना!"

"तुमचा डबा कुठी हाये? काढा. तुमी पाखराले पोळी द्या, मी गुलेल ठेवतो."

"माझा डबा कशाला?"

"मंग माह्या अळ्या कायले?"

दोघंही मागं हटेनात. तेवढ्यात काळा कोतवाल पक्षी वरून आला अन् सगळ्यात जाडी अळी उचलून गेला. कॅमेरेवाल्याला फोटो भेटला नाही, मला कोसा भेटला नाही. जेवला तो कोतवाल!

*

फुलचूरला लग्न होतं. एक बाई कोशाची साडी नेसून पंगतीत बसली. सोमा समोरून वाकून वाकून पाहू लागला. पाहणारच ना, एवढे कोसे उतरवले, पण साडी आमच्या घरात कधी आली?

बाई बोलली, "लांबून बघा हो! प्युअर कोसा आहे, घाण होईल."

सोमा म्हणाला, "बाई, ह्या साडीसाठी जिनं जिनं पाला खाल्ला, तिची शी माह्या डोक्यावर पडली हाये. आता काय घाण होते?"

बाई उठून दुसऱ्या पंगतीत गेली. सोमानं वाढप्याला तिची जिलेबीही आपल्याच पानात टाकायला लावली.

*

आता ज्याच्यावरून सारी बोंब झाली ते सांगतो.

अळी मोठी होताना मधेमधे झोपते. खात नाही, हलत नाही, जुनी कातडी टाकते. तेव्हा झाडाखाली आम्ही ओरडत नाही, खोकलाही गिळतो. यंदा कोशाच्या पहिल्या पिकात अळ्यांना अशीच झोप लागली होती. विलास घरी आलेला. मी दुपारी जेवायला गेलो नाही, तर यानं अर्धं गाव जंगलात काढलं. "बाबाऽऽ! ओ बाबाऽऽ!"

मला सारं ऐकू येत होतं. मी ऐनाला टेकून बसलो होतो. ओ दिली नाही. उलट हात हलवून म्हणत होतो, चूप! पण झुडपाआड कोणाला दिसणार? शेवटी शेजारच्या झाडाखाली सोमा दिसला, अन् त्याच्यामुळं मी सापडलो. तोही गप्पच बसला होता!

विलासच्या डोळ्यांत पाणी. "ओ काऊन नाई दिली?"

"अळी झोपली होती, ओ कसा देऊ?"

बस! त्यानं ठरवून टाकलं. बाबा हरवतात. बाबांचं डोकं चालत नाही. आता दुसरं पीक घ्यायचं नाही. मी म्हटलं, "ज्या जंगलात माहा बाप हरवला नाई, तिथं मी हरवीन?" ऐकतो कोण? गाडीवर बसवून कुडव्याला आणलं.

*

मीही पुढच्या पिकाच्या अंड्यांसाठी राखलेल्या बियाण्याच्या कोशांची माळ पिशवीत घालून आणली. खिडकीच्या आतून टांगली. विलास ओरडला, "बाबा, घरात किडे कायले?" म्हटलं, "मले आणलं ना? मंग ह्ये बी राहतील."

एका संध्याकाळी एक कोसा ओला झाला अन् त्यातून पाखरू, म्हणजे पतंग निघालं. मादी. पंख वाळवून खिडकीच्या जाळीला चिकटली. सून मंदानं वाटीत साखरेचं पाणी ठेवलं.

"खात नाई ते. त्याले तोंडच नसते."

"बरं हाये," मंदा माझ्याकडे पाहून म्हणाली, "कटकट नाई."

सकाळी तिनंच आम्हा दोघांना हाक मारली. जाळीच्या बाहेरून एक नर चिकटून बसला होता. मादीच्या वासावर नर कोसकोस उडत येतो; याचे पंख फाटलेले. माळेतले बाकीचे कोसे बंदच. खाली गाड्यांचे हॉर्न, समोर मोबाईलचं दुकान, त्याच्यामागं घरंच घरं. ऐनाचं एक झाड नाही.

विलास जाळीजवळ वाकला. "हा कुठून आला? याले रस्ता कोणं सांगतला?"

मी उठलो. चपला घातल्या.

मंदा जाळीच्या कडीला हात लावून म्हणाली, "अहो, सांगा ना. त्याले अंदर घेऊ का इले बाहेर सोडू?"

विलासनं माझ्या पायांकडे पाहिलं. मग खुंटीवरची गाडीची चावी काढली.

"बाहेर," तो म्हणाला. "माळ पिशवीत घाल."