ताटावरचा हात

आमच्या घराण्यात 'नको' या शब्दाला काडीची किंमत नाही. पंगतीतला माणूस नको म्हणतो ते म्हणायचं असतं म्हणून, आणि वाढणारा वाढतो ते त्यालाही हे ठाऊक असतं म्हणून. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटींतून वरण सोडतात. एका लग्नात माझ्या मामांचा हात असाच पोळला होता, तरी तिथल्या आग्रहाचं ते अजून कौतुक करतात. उलट एका घरी पहिल्याच 'नको'ला पोळी परत नेली, तर तिथं सोयरीक करायची नाही असं परतीच्या गाडीतच ठरून गेलं.

यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं. मुलगी आठ वर्षांची होईपर्यंत तरी नाही.

जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. अंग ताठ असतं, बोलता येत नाही, जेवण भरवावं लागतं. समजतं मात्र सगळं. घरात कोण कुणावर रुसलंय हे तिला माझ्या आधी कळतं.

बायको शिक्षिका आहे आणि शनिवारी तिची सकाळची शाळा असते. म्हणून त्या दिवशी मुलीला उस्मानपुऱ्यातल्या, अशा मुलांच्या उपचार केंद्रात मी नेतो. जुन्या बंगल्याचा तळमजला आहे. दाराशी व्हीलचेअरसाठी उतार केलेला आहे आणि त्यावर कायम स्कूटी लावलेल्या असतात. लावणारे आम्हीच, मुलांचे आईबाप, कारण सावली तेवढीच. व्हरांड्यात आयांची बैठक असते आणि त्यांच्यात मी बहुतेक वेळा एकटाच बाप. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सकाळी किती लवकर रांग धरावी, उथळ चमचा शहागंजात कुठल्या गल्लीत मिळतो, कोणता रिक्षावाला न कुरकुरता खुर्ची बांधून नेतो, ही सगळी माहिती तिथे चहाबरोबर मिळते. सरकारी खिडकीवर मी ती मागून पाहिली आहे. असो.

मुलगी मनगट चावायला लागली होती. जेवताना तर हमखास. कातडी सोलली जायची, आम्ही पट्टी बांधायचो, ती पट्टी चावायची. संतापी आहे, आजोबांवर गेली, असा आम्ही निकाल लावला होता. केंद्रातल्या वाचा शिकवणाऱ्या मॅडमनी मात्र वेगळंच विचारलं. तिथे आईबापांना नावं नसतात, सगळ्या मम्मी आणि सगळे पप्पा.

"पप्पा, तिला काही नको असलं तर ती काय करते?"

"तिला नको असं काही नसतंच. सगळं खाते."

"खाते, की तुम्ही भरवता?"

मॅडम म्हणाल्या, पहिला शब्द 'नको' शिकवू. मला राग आला. आठ वर्षं वाट पाहिल्यावर लेकराचा पहिला शब्द 'आई' असावा, गेला बाजार 'पाणी' तरी. हे कसलं अवलक्षण?

"पाणी तुम्ही न मागता पाजताच," मॅडम म्हणाल्या. "'नको' तिच्या वतीनं कोण म्हणणार?"

उजवा हात तिला थोडाफार हलवता यायचा. तोच ताटावर ठेवायला शिकवायचं ठरलं. हात ठेवला की नको. आणि आमच्यासाठी नियम एकच, हात आला की ताट लगेच उचलायचं. पोट भरलंय का, एवढंसं खाऊन कसं होईल, हे बोलायचं नाही. तिचा हात मानला गेला नाही तर याचा उपयोग नाही हे तिला कळेल, मग हात यायचा बंद होईल आणि मनगट परत तोंडात जाईल. सांगता सांगता मॅडमना हसू आलं. "आमच्याकडे पण मेहमान नको म्हटला की बिर्याणी डबल. मुश्किल आहे, पप्पा. पण करावंच लागेल."

हात यायला बरेच आठवडे गेले. आल्यावर मात्र पोरीनं राज्य हातात आल्यासारखं केलं. उपमा नको. केळं नको. ज्या खिचडीवर जीव टाकायची ती नको. मी कौतुकानं डोक्यावर हात ठेवला तर माझ्या हातावर हात, म्हणजे मीही नको. बायको पोरीच्या वजनाच्या काळजीनं सुकत चालली. मग हळूहळू लेकराची खात्री पटली असावी. जेवण सुरळीत झालं, मनगटावर नवी कातडी आली आणि पट्टीचा डबा कपाटात गेला.

तेवढ्यात सिल्लोडकडच्या आमच्या गावाहून माझी आई आली, मोतीबिंदू काढायला. सोबत धपाटे आणि मुगाचे लाडू. डोळ्याला पट्टी असतानाही नातीला भरवायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. पहिल्याच जेवणाला मुलीनं ताटावर हात ठेवला तेव्हा आईला केवढा आनंद झाला.

"अगं माय, पाहुणीवानी लाजती व्हय! आज्जीजवळ लाजाचं नाय," असं म्हणत तिनं तो हात प्रेमानं बाजूला केला आणि घास तोंडात दिला. मुलीनं पुन्हा हात ठेवला. आईनं पुन्हा काढला. मग एक घास चिऊचा, एक काऊचा, एक गावाकडच्या म्हशीचा. त्या घासांत माया होती यात शंका नाही, म्हणून तर मध्ये पडता येईना.

थोड्याच दिवसांत मुलीचा हात मांडीवरच राहू लागला. एका सकाळी अंघोळ घालताना बायकोला मनगटावर ताज्या दातांच्या खुणा दिसल्या. तिनं मला आत बोलावून दाखवल्या. "तुमच्या आई आहेत. तुम्हीच सांगा."

मी सांगितलं नाही. चाळिशी उलटली तरी आईनं वाढलेली पोळी मी कधी परत केलेली नाही, तिला शब्दानं काय अडवणार? पण भीती वाटत होती. लेकराकडे सगळा मिळून एक शब्द होता आणि तो आमच्याच घरात मरायला टेकला होता.

शनिवारी आईलाही केंद्रात नेलं. मॅडम तिला समजावतील आणि मी परस्पर सुटेन, असा माझा बेत. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, पण समजावलं काहीच नाही. तिथे आईबापांकडून एक सराव करून घेतात. एकानं न बोलता, हात मांडीवर ठेवून बसायचं आणि दुसऱ्यानं भरवायचं.

"आजी, आज तुम्ही नात व्हा," मॅडम म्हणाल्या. "पप्पा भरवतील."

आईला गंमत वाटली. वरणभाताची ताटली आली. व्हरांड्यातल्या आया दारात गोळा झाल्या. आईला मी जन्मात कधी भरवलं नव्हतं, त्यात एवढ्या बायका बघताहेत, म्हणून भराभर उरकायला लागलो. पहिला घास गिळायच्या आत दुसरा. तिनं तोंड फिरवलं, चमचा तिकडे गेला. तिनं ओठ मिटले, मी ओठांवर चमचा टेकवून ठेवला. मग तिचा गोंदलेला हात मांडीवरून उठला आणि ताटलीवर येऊन बसला.

"एवढा एकच, आई," मी म्हणालो आणि घास आत सारला.

बायका हसल्या. आईनं कसाबसा घास गिळला आणि माझ्याकडे बघितलं.

"मी नको म्हनले की रं."

"कळलं ना मला."

"कळलं तर मग भरवलास कामून?"

परतताना रिक्षात ती नातीचं मनगट हातात धरून बसली होती.

रात्रीच्या जेवणाला ती नेहमीसारखी ताट घेऊन मुलीसमोर बसली. दोन-चार घास गेले. मग तिनं पुढचा घास हातातच ठेवला. "नको का गं माय?"

मुलीचा हात मांडीवर. तिनं आजीकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. बायको काहीतरी बोलायला गेली, मी तिला खुणेनं थांबवलं. भात निवला. आई तशीच बसून. बऱ्याच वेळानं तो हात उचलला गेला आणि ताटावर येऊन पडला.

आईचा घासाचा हात सवयीनं पुढे झालेला मी पाहिला. तो मध्येच थांबला. तिनं घास ताटात टाकला, ताट उचललं. "बरं माय. नको तर नको," म्हणाली आणि उठून आत गेली.

बाहेर आली ती माझ्यासाठी गरम पोळी घेऊन. मी रीतीप्रमाणे ताटावर हात आडवा धरला आणि नको म्हणालो. आईनं त्या हाताकडे बघितलं.

"बरं," म्हणाली आणि पोळी घेऊन माघारी वळली.

मुलगी मोठ्यानं हसली. ती हसते तेव्हा तिचं सगळं अंग हसतं, खुर्चीसुद्धा हलते. हसता हसता ती माझ्या हाताकडे बघत होती. मला भूक होती, पोळीचा वास अजून तिथेच होता. मी हात ताटावरून काढला नाही.